तारखेचे नाना

कोर्टात न्याय साहेब देतात, तारीख नाना देतात. न्यायाला वर्षं लागतात, तारीख हातोहात मिळते. म्हणून आमच्या तालुक्यात साहेबांचं नाव धड माहीत नसलेली माणसंसुद्धा नानांना लांबून रामराम घालतात. साहेब तीन वर्षांनी बदलून जातात. नाना तिथेच असतात, डायसच्या खाली, फायलींच्या ढिगाआड. नाकावर घसरलेला चष्मा, कानामागे पेन्सिल.

सरकारी कागदावर नाना प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी कोर्टाचे बेंच क्लार्क आहेत. मी याच कोर्टात वकिली करतो, म्हणजे मुख्यतः नानांसमोर उभा राहतो. आणि हे नाना फक्त आमच्या बीड जिल्ह्यातच आहेत असंही नाही. राज्यातल्या कुठल्याही तालुका कोर्टात जा, एक नाना असतातच. कुठे त्यांना रावसाहेब म्हणतात, कुठे भाऊ, कुठे नुसतं ‘ओ क्लार्कसाहेब’. वळण तेच.

नाना माणसाला नावाने ओळखत नाहीत, नंबराने ओळखतात. मंगळवारच्या बाजारात मेथीची जुडी निवडताना समोरून कुणी आलं की नाना विचारायचे, “काय एकशेबारा, गुडघा कसाय?” एकशेबारा म्हणजे आर.सी.सी. (नियमित फौजदारी खटला) ११२/२००९ मधले आरोपी क्रमांक एक. बांधावरून चुलतभावाशी जुंपली, तेव्हाची ही केस. भादंवि ३२३, ५०४, ५०६, म्हणजे मारहाण, शिवीगाळ आणि धमकी. खेड्यापाड्यातल्या भांडणाचं हे नेहमीचं त्रिकूट. शिक्षा झालीच तर फार तर दोन वर्षांची, पण खटला त्याच्या कितीतरी पट वर्षं चाललेला. आरोपी आणि फिर्यादी पुढे पुढे तारखेला एकाच मोटारसायकलवर यायचे, पेट्रोल निम्मंनिम्मं. तडजोडीला दोघंही केव्हाच तयार झाले होते. पण आरोपी क्रमांक चार पुण्यात वॉचमन होता, त्याला रजा मिळत नव्हती. तो आला की तडजोड, तोवर तारीख.

अशा रीतीने तालुका नानांच्या डोक्यात क्रमवार लावलेला आहे. लग्नाच्या पंगतीत बसले की नाना कडेकडेने नजर फिरवतात आणि हळूच सांगतात, “या ओळीतले सात जामिनावर आहेत.” घरीही कोर्टाचीच भाषा. मुलीने नवा मोबाईल मागितला तर अर्ज आईकडे ‘से’साठी, म्हणजे म्हणणं मांडायला, जातो. काकूंनी घराला रंग द्यायचा विषय काढला की “पुढची तारीख.” रंगाचं प्रकरण कित्येक दिवाळ्या पडून आहे. अजून दोषारोपसुद्धा ठेवलेला नाही.

नानांच्या टेबलावर डाव्या हाताला संगणक आहे आणि उजव्या हाताला कालनिर्णय. संगणकात पुढची तारीख भरल्याशिवाय प्रकरण बंद होत नाही, म्हणून तिथे ती भरायची. ठरवायची मात्र कालनिर्णयावर. त्याच्या चौकोना-चौकोनात पेन्सिलीचे बारीक ठिपके असतात, ते एकट्या नानांना वाचता येतात. मंगळवारी बाजार, त्या दिवशी गावाकडच्या साक्षीदाराला बोलवायचं नाही. आषाढात वारी, माळकरी पंच मिळायचा नाही. ग्रामीण रुग्णालयात बुधवारी शस्त्रक्रियांचं शिबिर, डॉक्टर सुटायचे नाहीत. आणि सगळ्यात मोठा ठिपका ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातली गावंच्या गावं कोयते घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात निघतात, ती गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. त्या काळात निघालेलं समन्स कुलपाला चिकटवलं जातं, नाहीतर म्हातारीच्या हातात पडतं. हे सगळं नानांना तोंडपाठ. अमुक साक्षीदार अमुक तारखेला येणार नाही, हे ते तारीख देतानाच सांगू शकतात.

मग तीच तारीख का देतात? कारण वकीलसाहेबांनी मागितली म्हणून.

इथे नानांचा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर वाचक भलता संशय घ्यायचा. नाना पै घेत नाहीत. चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पितात, वर समोरच्याला पाजतात. त्यांचा दोष एकच, त्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही. आरोपीचे वकील डायसजवळ वाकून म्हणतात, “नाना, जरा लांबची बघा.” नाना लांबची बघतात. फिर्यादी कठड्यापलीकडून हात जोडतो, “नाना, जवळची द्या की.” नाना जवळचीही बघतात. शेवटी दोघांच्या मधली काढतात. ती दोघांनाही गैरसोयीची असते, आणि म्हणून दोघंही समाधानाने बाहेर पडतात. सरकारी वकिलांना एका दिवशी दोन कोर्टं सांभाळायची असतात, त्यांचंही मन मोडवत नाही. कोर्टाचं काम बघणारा पोलीस, म्हणजे पैरवी हवालदार, म्हणतो, “वॉरंट बजावायला गाडी नाही नाना.” त्यालाही पंधरा दिवस. आपली फौजदारी न्यायव्यवस्था कुणाच्या कपटाने रखडते, असा समज सिनेमांनी करून दिला आहे. माझ्या पाहण्यात तरी ती बरीचशी भिडेने रखडते.

आता बोर्ड. रोज सकाळी पावणेअकराला दाराशेजारच्या भिंतीवर दिवसाच्या प्रकरणांची यादी लागते, तो बोर्ड. आमच्याकडे त्यावर शंभराच्या आसपास प्रकरणं असायची. प्रत्येकाला तीन मिनिटं धरली तरी पाच तास झाले, आणि कोर्टाच्या कामाचे तास जवळपास तेवढेच. म्हणजे एकही साक्ष न घेता, एकही युक्तिवाद न ऐकता, कोर्टाचा अख्खा दिवस नुसता हजेरीत जाऊ शकतो. जायचाही. अकरा ते एक शिपायाचा पुकारा. मग रिमांड, जामीन. जेवणानंतर उरलं तर साक्षी. कठड्याबाहेर बाकावर सकाळपासून बसलेला साक्षीदार चारच्या सुमाराला उभा राहून नानांकडे बघायचा. नाना नजर चुकवत रोजनामा लिहायचे: ‘आरोपी १ व ३ हजर. आरोपी २ गैरहजर, माफीचा अर्ज मंजूर. साक्षीदार हजर. वेळेअभावी तपासता आला नाही. पु. ता.’

पु. ता. म्हणजे पुढील तारीख. नानांचं अक्षर एरवी किरटं आहे, पण ‘पु. ता.’ ते असं वळणदार काढतात की सहीच वाटावी.

कायद्याला हे मंजूर नाही, बरं का. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३०९ होतं. साक्षी सुरू झाल्या की खटला रोजच्या रोज चालवा, आलेल्या साक्षीदाराला तपासल्याशिवाय परत पाठवू नका, पाठवायचंच झालं तर खास कारण लिहून ठेवा, असं ते सांगत होतं. पुढे दुरुस्ती होऊन त्यात आणखी भर पडली, की वकील दुसऱ्या कोर्टात आहेत ही तहकुबीची सबब होऊ शकत नाही. १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि हेच सगळं कलम ३४६मध्ये गेलं. त्यात एक नवं कलमी आंब्याचं झाड लावलं: परिस्थिती पक्षकाराच्या हाताबाहेरची असेल तरच, दुसऱ्या बाजूचं ऐकून, कारणं नोंदवून तहकुबी द्यायची, आणि तीही दोनपेक्षा जास्त नाही. हे वाचून बाररूममध्ये एक दिवस सुतकी शांतता होती. दुसऱ्या दिवशी नानांनीच दिलासा दिला, “दोनच म्हणजे एका कारणाला दोन. कारणं बदलता येतात.”

जुने खटले जुन्या संहितेने चालायचे, नवे नव्या. त्यामुळे सध्या नानांच्या डोक्यात दोन संहिता एकाच वेळी नांदतात. आरोपीचा जबाब ३१३चा की ३५१चा, हे साहेब पुस्तकात शोधेपर्यंत नाना पेन्सिलीने फायलीवर टाकून मोकळे होतात.

नानांच्या बोर्डावरची शान म्हणजे मटक्याचा खटला. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा १८८७चा आहे, आणि नानांच्या मते त्याखालचे काही खटलेही तेव्हाचेच आहेत. या खटल्यातला मुद्देमाल रोख तीनशे दहा रुपये, आकड्यांच्या चिठ्ठ्या आणि एक निळं बॉलपेन. दोन पंचांपैकी एक मरण पावलेला. दुसरा गवंडी. पंच म्हणून केलेली सही ही माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात महाग सही असते. हा गवंडी रोज बुडवून कितीदा तरी आला आणि वेळेअभावी परत गेला. अखेर एकदा पिंजऱ्यात चढला तेव्हा एवढंच म्हणाला, “सही माझी आहे. बाकी मला काही आठवत नाही, आणि आता आठवायचंही नाही.” सरकारी वकिलांनी त्याला फितूर जाहीर केलं. माणूस फितूर झाला नव्हता, कंटाळला होता, पण कायद्यात त्याला वेगळा शब्द नाही.

मग छापा घालणारा हवालदार आला. लाखेचं सील फोडून पाकीट उघडलं, पेन बाहेर काढलं. आरोपीचे वकील उठले.

“याच पेनने आरोपी आकडे लिहीत होता?”

“होय.”

“लिहून दाखवा.”

हवालदाराने कागदावर रेघ ओढली. उमटली नाही. पेनाचं टोक तोंडाजवळ नेऊन हाः हाः केलं, तळव्यावर घासलं, पुन्हा ओढली. नाही. नाना भिडस्त. त्यांनी खालून स्वतःचं पेन पुढे केलं. कोर्टात असं हसू फुटलं की शिपायाला “शांतता” म्हणताना स्वतःचं तोंड झाकावं लागलं. रोजनाम्यात नानांनी नोंद केली: ‘मुद्देमाल पेन चालत नाही. पु. ता.’

पुढे बदलीच्या हंगामात साहेब गेले आणि मॅडम आल्या. वयाने नानांच्या मुलीएवढ्या. पहिला आठवडा त्या नुसत्या बघत होत्या. दुसऱ्या आठवड्यात कोर्ट उठल्यावर त्यांनी नानांना चेंबरमध्ये बोलावलं. तो संवाद नानांनीच मला नंतर ऐकवला, दोन्ही आवाजांत.

“नाना, काल तो साक्षीदार परत का गेला?”

“वेळ नव्हता मॅडम.”

“वेळ का नव्हता?”

“बोर्ड मोठा होता.”

“बोर्ड का मोठा होता?”

“मागच्या तारखेची प्रकरणं पुढे आली ना.”

“मागच्या तारखेला ती का झाली नाहीत?”

“वेळ नव्हता.”

नाना म्हणाले, “हे मी इतकी वर्षं सांगत आलो, पण कुणी लागोपाठ चार प्रश्न विचारले नव्हते.”

मॅडमनी एक कोरी वही दिली. महिनाभर प्रत्येक तहकुबीचं कारण या वहीत लिहायचं. रोजनाम्यातलं नको, खरं. नाना आधी घाबरले, मग रमले. जन्मभर ज्याला वळणदार अक्षरात ‘पु. ता.’ लिहायचं होतं, त्याला अचानक साहित्य लिहायची परवानगी मिळाली. ती वही मी पाहिली आहे. त्यातल्या काही नोंदी अशा:

‘वकीलसाहेब लग्नाला. लग्न खरं. मीही होतो.’

‘वकीलसाहेब आजारी. दुपारी सोसायटीच्या सभेत भाषण केलं. आवाज चांगला लागला होता.’

‘तपासी अंमलदार बदलून गडचिरोलीला. समन्स जुन्याच ठाण्यावर जातं. तिथून ‘सदर अधिकारी येथे नाहीत’ असा शेरा येतो. ठाणं खोटं बोलत नाही.’

‘साक्षीदार ऊसतोडीला. समन्स म्हातारीने देव्हाऱ्यात ठेवलं आहे.’

‘आरोपी मिळून येत नाही. (रोज स्टँडवर मिळतो.)’

आणि सगळ्यात जास्त वेळा, एकाखाली एक, खालच्या ओळीत नुसत्या ‘किता’च्या खुणा करून: ‘साक्षीदार हजर. वेळ नव्हता.’

महिन्याअखेर मॅडमनी हिशेब केला. वकिलांच्या सबबी, पोलिसांची टाळाटाळ, हे सगळं होतंच. पण सर्वांत मोठा ढीग निघाला तो कोर्टाने स्वतः बोलावून स्वतःच परत पाठवलेल्या माणसांचा. मॅडमनी बोर्ड कापला. साक्षीची प्रकरणं दिवसाला जेवढी खरोखर ऐकून होतील तेवढीच. ज्यांत नुसती समन्स-वॉरंटची वाट बघायची, ती सगळी एका ठरल्या दिवशी दुपारनंतर, ठाण्याप्रमाणे एकत्र, म्हणजे त्या ठाण्याच्या पैरवी हवालदाराला एकदाच यायचं आणि एकदाच बोलणी खायची.

नानांना तीन दिवस जेवण गोड लागलं नाही. भिंतीवरचा बोर्ड एका पानावर आला, तेव्हा लोकांना वाटलं कोर्ट बंद पडणार. खरी तक्रार वेगळीच होती. रोज कमी प्रकरणं घ्यायची तर उरलेल्यांना तारखा लांबच्या पडणार. फिर्यादी कुरकुरले, आणि त्यात तथ्यही होतं. त्यावर मॅडमचं म्हणणं सरळ होतं: सहा जवळच्या खोट्या तारखांपेक्षा एक लांबची खरी. हे वाक्य नानांच्या मनात असं उतरलं की घराच्या रंगालाही त्यांनी त्याच आठवड्यात लांबची खरी तारीख दिली. काकू म्हणाल्या, बघू.

पण खरी गंमत पुढे झाली. खरी तारीख द्यायची तर साक्षीदार कधी सापडतो हे माहीत पाहिजे, आणि ते माहीत असलेला माणूस अख्ख्या इमारतीत एकच होता. मॅडमनी कालनिर्णय मागवला, ठिपक्यांचा अर्थ विचारून घेतला, आणि तारखा त्याप्रमाणे पडू लागल्या. ऊसतोड कामगारांच्या साक्षी पाडव्यानंतर आणि पेरणीच्या आधी. बाजाराच्या दिवशी युक्तिवाद, कारण त्याला साक्षीदार लागत नाही. गडचिरोलीच्या अंमलदाराचं समन्स थेट गडचिरोलीला. जी माहिती इतकी वर्षं खटले पुढे ढकलायला वापरली जात होती, तीच आता खटले उरकायला लागली. नानांना हे कळलं तेव्हा ते जरा ताठ बसायला लागले. चष्मासुद्धा वर सरकला.

मग मॅडमनी कागदांकडे मोर्चा वळवला. एका मारामारीत डॉक्टरांची साक्ष रखडली होती. डॉक्टर पुढच्या शिक्षणाला नागपुरात. मॅडमनी आरोपीच्या वकिलांना विचारलं, “जखमेचा दाखला खोटा आहे असं म्हणणं आहे का?” “तसं नाही मॅडम.” “मग मान्य आहे असं लिहून द्या.” वकीलसाहेब हबकले. दाखला मान्य केला तर डॉक्टरांना विचारायचे नेहमीचे प्रश्न, ‘ही जखम पडल्यामुळेही होऊ शकते का’ वगैरे, विचारायचे कुणाला? जुन्या संहितेत कलम २९४ याचसाठी होतं, आता ३३० आहे: समोरच्या बाजूला मान्य असलेला कागद सिद्ध करायला साक्षीदार बोलवायची गरज नाही. कलम पहिल्यापासून पुस्तकात होतं, फक्त आमच्याकडे कुणी विचारत नव्हतं. जिथे मान्य झालं नाही तिथे डॉक्टर नागपूरहून पडद्यावर आले. ही सोयही काही कालची नव्हे. महाराष्ट्र सरकार विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३मध्येच दूरदृश्य पद्धतीने साक्ष घ्यायला मान्यता दिली आहे. पडद्यावर डॉक्टर दिसताच नाना सवयीने उठून म्हणाले, “बसा साहेब.” डॉक्टर बसलेलेच होते.

फरार आरोपींची गोष्ट याहून रंगतदार. आरोपी वर्षानुवर्षं सापडला नाही की प्रकरण डॉर्मंट फायलीत जातं, म्हणजे झोपतं. एका सकाळी मॅडम कोर्टात येताना चौकात नवा फ्लेक्स लागला होता: अमुक यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा, कार्यस्थळ, वेळ, खाली पन्नास शुभेच्छुकांचे फोटो. नाव कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. डॉर्मंटच्या रजिस्टरमध्ये निघालं. मॅडमनी पैरवी हवालदाराला बोलावून वॉरंट हातात दिलं आणि पत्ता विचारल्यावर खिडकीतून चौक दाखवला. संध्याकाळी केक कापून झाल्यावर बजावणी झाली. आधी केक कापू दिला, एवढी भीड पोलिसांनीही ठेवली. शुभेच्छुकांपैकी दोघं त्याच प्रकरणात आरोपी तीन आणि पाच निघाले, तेही हाती लागले.

वकिलांना हे सगळं रुचलं असं नाही. विनाकारण तहकुबी मागितली तर खर्च बसायला लागला. रक्कम किरकोळ, पण ती पक्षकारासमोर बसायची, आणि पक्षकार विचारायचा, “वकीलसाहेब, हे आपण चुकलो म्हणून का?” बाररूममध्ये निषेधाचा ठराव मांडायचं ठरलं. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब झाली. पुढची तारीख नानांना विचारावी, असं एकाने सुचवलं.

हे वाचून कुणाला वाटेल की एक हुशार मॅडम आणि एक वही मिळाली की देशाचा प्रश्न सुटला. तसं नाही. देशातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांत चार कोटींच्या वर प्रकरणं पडून आहेत, त्यातली जवळपास तीन-चतुर्थांश फौजदारी. एकट्या महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या पुढे. दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत, असं विधी आयोगाने १९८७मध्ये सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये पुन्हा सांगितलं. आजही आकडा एकवीस-बाविसाच्या आसपास घुटमळतो आहे. जलद न्याय हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे हे १९७९मध्ये हुसेनारा खातून प्रकरणात ठरलं. खटल्याला सरसकट मुदत घालता येणार नाही, प्रत्येक उशिराचं कारण तपासून बघायचं, हे आपल्याच माजी मुख्यमंत्र्यांच्या, अंतुल्यांच्या प्रकरणात ठरलं. कारण तपासून बघायचं, एवढंच मॅडमनी केलं होतं.

उलट आकडे सुंदर दिसावेत म्हणून काय करतात तेही नानांना ठाऊक आहे. लोकअदालतीत गाड्यांची ई-चलनं निकाली निघतात, निकालांची संख्या डोळे दिपवते. गवंडी मात्र बाकावरच असतो. निकालांची मोजदाद असली की सोपी प्रकरणं आधी हातावेगळी होतात आणि जुनी, किचकट प्रकरणं आणखी जुनी होतात. मॅडम उलट करायच्या. सकाळचा पहिला तास सगळ्यात जुन्या प्रकरणाला. मटक्याचा खटला असाच एका सकाळी संपला. आरोपी निर्दोष सुटला. पेन नष्ट करण्याचा हुकूम झाला, तो नानांनी समक्ष उभं राहून पाळला.

एकशेबाराही मिटलं. आरोपी क्रमांक चारला महिनाभर आधी खरी तारीख कळवली, त्याला रजा मिळाली, पाच मिनिटांत तडजोड झाली. आता बाजारात ते भेटले की नानांची पंचाईत होते. निकालाबरोबर नंबर गेला, आणि नाव तर नानांना कधी माहीतच नव्हतं.

तीन वर्षं झाली, मॅडम बदलून गेल्या. नवे साहेब भले आहेत, पण बोर्डाचं दुसरं पान पुन्हा लागलं आहे. वही नानांच्या खणात आहे. अठ्ठावन्न पूर्ण झाले की नाना निवृत्त होतील आणि कालनिर्णयातले ठिपके त्यांच्याबरोबर जातील. ते ठिपके संगणकात उतरवून घ्या, अशी मी विनंती केली आहे. विनंतीवर ‘से’ मागवला आहे.

तुम्हाला कधी साक्षीचं समन्स आलं तर घाबरू नका, जा. अकराच्या आधी पोहोचा, बेंच क्लार्ककडे हजेरी लावा. सरकारी खटला असेल तर भत्त्याचं विचारा, तो मिळू शकतो. चार वाजले आणि कुणी परत जा म्हणालं, तर नम्रपणे एवढंच विचारा की मला न तपासता पाठवण्याचं कारण रोजनाम्यात लिहिलं का. कायदा तुमच्या बाजूने आहे, आणि नानाही आहेत. फक्त त्यांना लांबची तारीख मागू नका. ते देतील.